नारंगी फ्लॉवरला रंग कुणी दिला?

दिल्लीत पुसाचा कृषी विज्ञान मेळा जवळ आला की नारंगी फ्लॉवरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. मागोमाग शंकाही येतात: इंजेक्शन टोचलंय, रंगात बुडवलाय, जीएम आहे. तिन्ही खोट्या. पुसाचा, म्हणजेच भारतीय कृषी संशोधन संस्थेचा, ‘पुसा बीटा केसरी १’ हा वाण २०१५ च्या सुमारास आला, तो साध्या संकरातून.

रंगाचं उत्तर पेशीतल्या लवकांत आहे. हरितलवक, वर्णलवक, अवर्णलवक हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलं. ती एकमेकांत बदलतात, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. टोमॅटो पिकतो तेव्हा हरितलवकांचीच वर्णलवकं होतात. उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो, कारण त्यातली स्टार्च साठवणारी अवर्णलवकं हरितलवकं होऊ लागतात. फ्लॉवरच्या गड्ड्यातली लवकं एरवी रंगाविना राहतात. उन्हाने गड्डा पिवळट पडू नये म्हणून शेतकरी वरून पानं बांधतात.

नारंगी फ्लॉवरची सुरुवात मात्र अपघाताने झाली: १९७० मध्ये कॅनडातल्या पांढऱ्या फ्लॉवरच्या एका शेतात एकच रोप नारंगी निघालं. कॉर्नेल विद्यापीठातल्या ली ली यांच्या गटाने २००६ मध्ये त्यामागचं ‘ओआर’ हे जनुक ओळखलं. मला यातली गंमत अशी वाटते की हे जनुक बीटा कॅरोटीन या नारंगी रंगद्रव्याचा कारखाना मोठा करत नाही, कोठार बांधतं. रंगहीन लवकाचं वर्णलवक होतं आणि तयार होणारं कॅरोटीन तिथे साचतं. दांड्याच्या आतल्या गाभ्यातही, जिथे ऊन पोचतच नाही. त्याची किंमतही मोजावी लागते: आईबापांकडून दोन्ही प्रती ‘ओआर’च्या आल्या तर गड्डा खुरटतो.

आता ‘जीवनसत्त्व अ’च्या जाहिरातीबद्दल. शरीर हे जीवनसत्त्व बीटा कॅरोटीनपासून बनवतं, आणि पुसाच्या या फ्लॉवरमध्ये किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन असतं. नारंगी गाजरात याच्या कितीतरी पट. मग खटाटोप कशाला? कारण उत्तरेत गोभी हिवाळाभर रोजच्या जेवणात असते, गाजराचं तसं नाही. हा युक्तिवाद मला पटतो. पण पांढराशुभ्र गड्डाच चांगला, असं मानणाऱ्या गिऱ्हाईकापुढे तो कितपत टिकेल, याची शंका आहे.

शिवाय जांभळ्या फ्लॉवरला याच रांगेत बसवू नका. त्याचा रंग लवकांत नसतो, पेशीतल्या रिक्तिकेत असतो, आणि उकडताना पाण्यात उतरतो. नारंगी रंग तेलात विरघळणारा. तेव्हा फोडणीत कंजुषी नको.