विरघळणारा संवेदक आणि न कुजणाऱ्या नळ्या

ओलावा मोजून झाल्यावर शेतातच विरून जाणारा संवेदक, ही कल्पना मोहक आहे. त्यासाठी अभ्यासले जाणारे पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लास्टिक मक्याचा स्टार्च किंवा उसाची साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून बनते. ते मुळात वीजरोधक. त्यात वजनाच्या काही टक्के, प्रसंगी त्याहूनही कमी कार्बन नॅनोनळ्या मिसळल्या, की त्यांचे जाळे विणले जाते आणि प्लास्टिकमधून वीज वाहू लागते. नळ्यांचे पुंजके झाले, तर मात्र हे जाळे तुटते. खरे कसब मिसळण्यातच आहे.

परंतु ‘जैवविघटनशील’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. पॉलिलॅक्टिक आम्ल सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये काही महिन्यांत कुजते. शेतजमिनीत ते वर्षानुवर्षे टिकू शकते. जिवाणूंनी तयार केलेली पॉलिहायड्रॉक्सिअल्कॅनोएट प्लास्टिके मातीत अधिक सहज कुजतात. पण प्लास्टिक कुजले, तरी नळ्या सहजी कुजत नाहीत. त्या मातीतच राहतात. म्हणून असे उपकरण शिवारात नेण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी कंपोस्टची नव्हे, मातीतील विघटनाची चाचणी मागावी. तोवर वापरलेले संवेदक हंगामाअखेर वेचून घेणेच इष्ट.