गोदामांच्या तालुक्यातला वाघोबा

काल्हेरला पाहावे तिकडे पत्र्याची गोदामे, रस्त्यावर कंटेनरची रांग आणि डोक्यावर ठाणे-भिवंडी मेट्रोचा मार्ग. पण याच भिवंडी तालुक्यातली ७२ गावे १९८५च्या आदेशाने आदिवासी अनुसूचित क्षेत्रात मोडतात. काल्हेरच्या कोंडीत तासभर अडकलेल्या माणसाला हे सांगून पटायचे नाही.

या पट्ट्यातल्या वारल्यांचा एक देव म्हणजे वाघोबा. कुठे कोरलेली लाकडी फळी, कुठे शेंदूर फासलेला दगड. बहुधा झाडाखाली, उघड्यावर. आश्विनातल्या वाघबारशीला त्याला मान द्यायचा आणि त्याने माणसाला, गुराढोरांना सांभाळायचे, असा हा व्यवहार. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पट्टेरी वाघ इथून केव्हाच गेला. आता मान घेतो तो बिबट्या!

देवाच्या नावाने झाड राखायचे तर देवराई. मुरबाडच्या बाजूने घाट चढून गेले की आहुपे लागते. तिथल्या महादेव कोळ्यांची देवराई आजही दाट आहे, आणि शेकरू तिथे या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारताना दिसते. याच परिसरातले भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले १९८५ साली. देवराईचा कायदा त्याच्या कितीतरी आधीचा. कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली काटकीही उचलायची नाही. कोकणात तर झाड तोडण्याआधी देवाला कौल लावतात. देवाने उजवा दिला नाही तर विषय संपला.

हे निव्वळ धाकाने टिकले असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या राईत त्यांना गारंबीचा अजस्र वेल आढळला. गुरांच्या औषधासाठी लोक लांबलांबून त्याच्याकडे येत. राई म्हणजे गावाचा दवाखाना, आणि बऱ्याच ठिकाणी पाण्याचा झराही तिच्याच पोटात.

भीमाशंकर परिसरातला बेहडा हेच सांगतो. जुन्या, थोराड बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. झाड तोडून लाकूड विकले तर पैसे एकदाच. फळे वेचून औषधी बाजारात विकली तर दरसाल. तिथल्या महादेव कोळ्यांनी दुसरी वाट धरली आणि धनेशाची ढोली शाबूत राहिली.

देवरायांना खरा धोका भक्तांकडूनच आहे, असे म्हटले तर राग येईल. पण जीर्णोद्धाराच्या नावाखाली आधी सभामंडप येतो, मग पेव्हर ब्लॉक, मग वाहनतळ. देव सिमेंटमध्ये बसतो आणि राईतले झाड सरपणाच्या भावाने जाते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांचे, म्हणजे तिथल्या देवरायांचे, सर्वेक्षण करून त्यांना वनांचा दर्जा देण्याचा आदेश दिला. आपल्याकडच्या ग्रामसभांच्या हाती २००६चा वनहक्क कायदा आहेच. सामूहिक दाव्यासाठी त्याच्या नियमांत चालणाऱ्या पुराव्यांत जुनी कागदपत्रे आहेत, गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब आहेत, तशीच पवित्र झाडे आणि देवरायाही आहेत. राई उभी असेल तर तीच गावाची साक्षीदार.