तोतयाच्या जिवावर पंधरा हजार

अकिरा कुरोसावांचा ‘कागेमुशा’ (१९८०) सुरू होतो तेव्हा पडद्यावर माणसं असतात फक्त तीन, तीही एकसारखी दिसणारी: सरदार ताकेदा शिंगेन, त्याचा भाऊ आणि देहदंडातून सोडवून आणलेला एक चोर. कॅमेरा सुमारे सहा मिनिटं जागचा हलत नाही. शिंगेन आणि चोर, दोन्ही भूमिका तात्सुया नाकादाईच्या.

गोळी लागून शिंगेन मरतो. त्याची आज्ञा असते, मृत्यू तीन वर्षं लपवा. म्हणजे ३६ महिने त्या चोरानं धनी म्हणून मिरवायचं. रात्रीच्या लढाईत अंगरक्षक त्याच्यापुढे उभे राहून गोळ्या झेलतात, डोळ्यांदेखत कोसळतात. त्याचं काम एकच: बसल्या जागेवरून हलायचं नाही. शत्रूचे हेर फसतात. फसत नाही तो शिंगेनचा घोडा. तो तोतयाला खाली पाडतो, मग राण्यांना त्याच्या अंगावर जुन्या जखमेचा व्रण सापडत नाही आणि बिंग फुटतं. सूत्रं जातात मुलाच्या, कात्सुयोरीच्या हाती.

इतिहासातला शिंगेन मे १५७३मध्ये वारला. जून १५७५मध्ये नागाशिनोला कात्सुयोरीचे सुमारे १५,००० लोक प्रतिस्पर्धी सरदार नोबुनागा-इएयासूंच्या सुमारे ३८,०००च्या फौजेला भिडले. समोर लाकडी कुंपणाआड, परंपरेनं सांगतात तशा, ३,००० बंदुका. तोड्याची बंदूक पुन्हा भरायला अर्धं मिनिट धरलं, तर तेवढ्यात भरधाव घोडा तीनशे मीटर सहज कापतो. सिनेमात म्हणूनच बंदूकधारी आळीपाळीनं बार काढतात. तीन रांगा असल्या, तर दर दहा सेकंदांना एक फैर.

या लढाईसाठी कुरोसावांनी सुमारे ५,००० एक्स्ट्रा उभे केले. खर्च साठ लाख डॉलरांच्या घरात गेला. तोवरचा हा सर्वांत महागडा जपानी चित्रपट. पैसा कमी पडला तेव्हा हॉलिवूडचे दिग्दर्शक कपोला आणि लुकास यांनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला गळ घातली. एवढा फौजफाटा जमवून कुरोसावा माणसं पडताना दाखवतच नाहीत. दिसतात धाव घेणारे, बार काढणारे, बघणाऱ्यांचे चेहरे आणि मग थेट प्रेतांनी भरलेलं रान.

शिंगेननं मागितलेल्या ३६ महिन्यांपैकी इतिहासात जेमतेम २५ पदरी पडले. घराणं पुरतं बुडायला १५८२ उजाडलं. कुरोसावांचा हिशेब याहून कडक आहे: फौज तीच, निशाणं तीच, तोतयानं नुसतं बसून राखलेलं राज्य सख्ख्या वारसानं उठून एका दिवसात घालवलं.