नवा रोखा, जुने कर्ज



न्हावऱ्याहून चौफुल्याला जाणारा रस्ता तसाच पुढे सुप्याला जातो. त्या सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ रोजी भोवतालच्या गावांतील शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. लुटालूट झाली हे खरे. पण मुख्य मागणी एकच होती, आमचे रोखे बाहेर काढा. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरले, तेव्हाही जेथे कागद निमूटपणे हवाली झाले तेथे माणसांना सहसा इजा झाली नाही. हाती आलेले रोखे मात्र जाळून टाकण्यात आले. त्याची पूर्वतयारी ह्याच शिरूर तालुक्यातील करडे गावी झाली होती. १८७४ च्या अखेरीस तेथील एका देशमुखांवर सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्याची बजावणी केली आणि त्यांचे राहते घर पाडले. गावाने सावकारांशी व्यवहार तोडले आणि बहिष्काराची ती हवा गावोगाव गेली.

योगायोग असा की त्याच १८७५ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. वसंतात व्याख्याने ऐकण्याची आपली ही रीत आणि कर्जाच्या कागदाची ती होळी अशी एकाच वर्षाची आहेत. म्हणून क्रेडिट कार्डाच्या देण्याविषयी बोलताना मी सुप्यापासून आरंभ केला, तर तो विषयाला सोडून आहे असे आपण समजणार नाही.

प्रथम हे पाहू की शेतकऱ्याचे थोडे कर्ज मोठे कसे झाले. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या रोख्यावरील दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, असे त्याने ठरले. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये. घडले ते उलट. मुदत संपत आली की सावकार म्हणे, फिर्याद करू की नवा रोखा लिहून देतोस? कुळाजवळ पैसे नसत. मग मुद्दल आणि थकलेले व्याज ह्यांची बेरीज होई, ती बेरीज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून लिहिली जाई आणि तिच्यावर पुन्हा व्याज सुरू होई.

समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन दराने घेतले. तीन वर्षांत बहात्तर रुपये व्याज होते. नवा रोखा एकशे बहात्तरांचा. सहाव्या वर्षाअखेर तो दोनशे शहाण्णवांचा आणि नवव्या वर्षाअखेर पाचशे नवांचा होतो. मधल्या काळात त्या कुळाने एक पैसाही नव्याने उचललेला नाही. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, त्याप्रमाणे एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ शकत नसे. पण व्याजाचेच मुद्दल केले की त्या नियमाला पकडच उरत नाही. कागद फिरवण्यात सगळी मेख होती.

आता कार्डाकडे वळू. कार्डावर खरेदी केली आणि ठरलेल्या तारखेस पूर्ण बिल भरले, तर व्याज पडत नाही. तेवढ्यापुरते ते सोयीचे साधन आहे, आणि जो दरमहा पूर्ण भरतो त्याला मी काही सांगावयास आलेलो नाही. गोष्ट बिघडते ती बिलावरील दुसऱ्या, लहान आकड्यापाशी. त्याला किमान देय रक्कम म्हणतात. घरात आजारपण निघाले, मुलाची फी आली, की मनुष्य म्हणतो, ह्या महिन्यात एवढेच भरू. त्या क्षणी तो नवा रोखा लिहून देतो. सुप्याच्या कुळाला तीन वर्षांनी एकदा अंगठा उठवावा लागे. आपण तो दर महिन्याला उठवतो, आणि तोही घरबसल्या.

हा हिशेब पाटीवर मांडून पाहण्यासारखा आहे. पन्नास हजारांची बाकी आहे. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरू. कार्डांच्या जगात हा दर काही विशेष चढा नाही. व्याज झाले १,७५० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जी.एस.टी., म्हणजे ३१५ रुपये. बिल आले ५२,०६५ रुपयांचे. किमान रक्कम त्याच्या पाच टक्के धरली तर २,६०३ रुपये भरावयाचे. ते भरल्यावर मूळ कर्ज कमी किती झाले? ५३८ रुपये. असेच वर्षभर इमानाने भरीत राहिलात, नवी खरेदी एका रुपयाचीही केली नाही, तर वर्षात सुमारे २९,४५० रुपये भरले जातात आणि बाकी राहते सुमारे ४३,९०० रुपये! भरणारा म्हणतो, मी तर एकही हप्ता चुकवलेला नाही. तेही खरेच असते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत बंद होते. काल घेतलेल्या साखरेवरही घेतल्या दिवसापासून व्याज चालू होते. कार्डावर रोख रक्कम काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क. २०२२ पासून रुपे कार्ड यू.पी.आय.ला जोडता येऊ लागले, तेव्हापासून हे देणे चहाच्या टपरीपर्यंत येऊन पोहोचले आहे. “उधारीचे पोते, सव्वा हात रिते” ही म्हण आपल्या आज्यांनी वाण्याच्या वहीवरून केली. तो वाणी निदान ओळखीचा असे. बाकी फार झाली की चारचौघांत बोलून दाखवी. कार्ड काही बोलत नाही. उलट वेळेवर किमान रक्कम भरणाऱ्याची मर्यादा वाढवून देते, आणि ती मर्यादा म्हणजे जणू आपली मिळकतच असा समज घरात हळूहळू रुजतो.

येथे कोणी म्हणेल की हा सगळा उधळेपणाचा परिणाम आहे. लोकांनी मोठे फोन आणि मोठी लग्ने करू नयेत म्हणजे झाले. असेच मत १८७५ सालीही साहेबलोकांत आणि शहाण्यासुरत्यांत प्रचलित होते की कुणबी लग्नकार्यापायी बुडतो. दंग्यांची चौकशी करण्यास जे कमिशन नेमले गेले, त्याने मात्र असे नमूद केले की लग्न आणि सणवार ह्यांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. अन्न, बियाणे, बैल, सरकारसारा अशा नित्याच्या गरजांच्या लहानलहान उचली आणि त्यांच्यावर चढत गेलेले व्याज ह्यांतूनच बोजा वाढत होता. त्यात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, सारा मात्र फेरपाहणीत वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. ज्याला त्याला उधळ्या ठरविण्याची आपली सवय मला मान्य नाही. कर्जात पडलेला मनुष्य लाजेने गप्प बसतो, घरच्यांपासून बिल लपवतो, आणि त्या गप्प बसण्यात आणखी चार रोखे फिरतात.

कायद्याने तेव्हा काय केले तेही पाहण्यासारखे आहे. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला, शेतकऱ्याला पैशाच्या देण्यासाठी कैदेत टाकणे बंद केले, आणि पैसे भरल्याची पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क दिला. आज बँकेच्या बाबतीत न्यायालयाचा तो अधिकार राहिलेला नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ साली घातलेल्या कलमाप्रमाणे, व्याज जबर आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येत नाही. कार्डाचे व्याज वर्षाला तीस टक्क्यांच्या आत असावे असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिलेला निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

मग ऋणकोच्या हाती उरले काय? हिशेब उघड मागण्याचा हक्क उरला आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांप्रमाणे, केवळ किमान रक्कम भरल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल, हा इशारा बिलावर छापणे भाग आहे, आणि किमान रक्कम अशी ठरवावी लागते की बाकी उलट वाढत जाऊ नये. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असेही बंधन आहे. धमकी आली तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. “पोलीस पाठवतो” असे फोनवर ऐकून पुष्कळजण दागिने विकावयास धावतात. फसवणूक केली असेल किंवा दिलेला धनादेश वटला नसेल तर गोष्ट वेगळी; एरवी देणे थकणे हा दिवाणी मामला आहे.

काटकसरीचा विचार ह्यानंतरच करावा असे मला वाटते, कारण काटकसर कोठे लावावयाची हे आधी ठरले पाहिजे. वाचवलेला पैसा भिशीत किंवा ठेवीत टाकणे आणि तिकडे कार्डावर महिना साडेतीन टक्के भरणे, हे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. वर मांडलेल्या त्याच पन्नास हजारांवर किमान रकमेऐवजी दरमहा पाच हजार ठरवून भरले आणि कार्ड पेटीत ठेवले, तर चौदाव्या महिन्यात शेवटचे आठशे-साडेआठशे रुपये भरून कर्ज संपते. व्याज व कर मिळून सुमारे १५,८०० रुपये जातात. दुखतात, पण ते एकदाच जातात.

हे पाच हजार काढावयाचे कोठून, हा प्रश्न घरातल्या सर्वांनी एकत्र बसून सोडवावयाचा आहे. एकट्या कर्त्याने मनात बेत करून भागत नाही, आणि स्वयंपाकघराला न विचारता ठरवलेली काटकसर आठवडाभरही टिकत नाही. एक साधी वही घ्यावी. महिनाभर काहीही न टाळता जो खर्च होईल तो केवळ लिहावा. मग असे दिसते की मोठा खर्च टाळणे अवघड आहे, पण पंधरा-वीस लहान खर्च असे आहेत की ते केव्हा सुरू झाले हेच कोणाला आठवत नाही. उन्हाळ्यात वर्षाचे गहू-ज्वारी भरून ठेवण्याची, डाळी उन्हे देऊन डब्यांत घालण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ज्यांनी ती सोडली त्यांनी जागा आणि रोख पैसा असल्यास पुन्हा धरावी. धान्य कार्डावर भरू नये, एवढेच. पगार झाला की वाणसामान, दूध आणि प्रवास ह्यांचे पैसे रोख काढून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवणे हा जुनाट प्रकार वाटेल. पाकीट रिकामे झालेले डोळ्यांना दिसते, हा त्याचा गुण.

पतसंस्थेकडून किंवा सोने तारण ठेवून कमी व्याजाचे कर्ज काढावे आणि कार्डाचे देणे एकदम मिटवावे, हा मार्ग हिशेबाला बरोबर आहे. मात्र ज्यांनी तो धरून कार्ड चालू ठेवले, त्यांच्यापैकी कित्येकांवर वर्षाने दोन्ही कर्जे होती. बँक कधीकधी अर्ध्यामुर्ध्या रकमेवर तडजोड करते; अगदी नाइलाज असेल तर ती करावी, पण “सेटल्ड” असा शेरा पतनोंदीत पडतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो, हे जाणून करावी.

बाकी शून्य झाली की कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद केले पाहिजे. त्याहून उशीर केल्यास दररोज पाचशे रुपयांप्रमाणे दंड कार्डधारकाला देणे तिच्यावर येते. काही देणे नसल्याचे पत्र मागून घ्यावे आणि ते घरपट्टीच्या पावत्यांबरोबर फायलीत लावून ठेवावे.