मागून जर्सी ओढली तर किती महागात पडते? बास्केटबॉलमधील गंभीर फाउल समजून घ्या

भंडारा : शालेय बास्केटबॉलमध्ये जिल्ह्यात जिंकणारा संघ नागपूर विभागीय स्पर्धेत जातो, हरणाऱ्याचे त्या वर्षीचे खेळणे तिथेच थांबते. त्यामुळे शेवटच्या मिनिटाला प्रतिस्पर्धी एकटाच रिंगकडे सुटला, की मागून त्याची जर्सी ओढण्याचा मोह होतो. ‘फाउल तर फाउल, बास्केट तर वाचली’ हा हिशेब मात्र फसवा आहे.

साधा फाउल कोणता?
चेंडूसाठी प्रयत्न करताना झालेला धक्का हा साधा वैयक्तिक फाउल. असे पाच झाले की खेळाडू बाहेर. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाल्यावर पाचव्यापासून समोरच्या संघाला दोन फ्री थ्रो मिळतात.

अखिलाडू फाउल म्हणजे काय?
चेंडूकडे न जाता थेट खेळाडूला अडवणे, गरजेपेक्षा जोरात आदळणे किंवा वेगवान चढाई रोखण्यासाठी विनाकारण धरणे, हा अखिलाडू फाउल. समोरच्याला लागले की नाही, यावर तो ठरत नाही. शिक्षा दुहेरी आहे : साधारणपणे दोन फ्री थ्रो आणि त्यानंतर चेंडूही त्यांच्याकडेच. म्हणजे दोन गुण वाचवायला गेलेला संघ दोन फ्री थ्रो आणि पुढची तीन गुणांची बास्केट मिळून पाच गुण गमावू शकतो.

टेक्निकल फाउल कशासाठी?
पंचांशी हुज्जत, शिवीगाळ, मुद्दाम वेळ काढणे, फाउल झाल्याचे सोंग. यासाठी एक फ्री थ्रो. प्रशिक्षक आणि बेंचवरील खेळाडूही यातून सुटत नाहीत.

थेट बाहेर कधी?
- मारामारी किंवा अत्यंत हिंसक कृत्य केल्यास थेट. शिक्षा : दोन फ्री थ्रो आणि चेंडू.
- एकाच खेळाडूचे दोन अखिलाडू, दोन टेक्निकल किंवा दोन्हींपैकी एक-एक फाउल झाल्यास.
- भांडण सुरू असताना बेंच सोडून मैदानात धावणारा खेळाडूही बाद होतो. एकही ठोसा मारला नसला तरी.

पाच फाउल झालेला खेळाडू बेंचवर बसू शकतो. बाद ठरलेल्याला मात्र ड्रेसिंग रूममध्ये किंवा मैदानाबाहेर जावे लागते. हिंसक कृत्याचा अहवाल पंच आयोजकांकडे पाठवतात, त्यामुळे पुढील कारवाईही होऊ शकते.

‘फ्लॅग्रंट’ वेगळा का?
टीव्हीवर दिसणाऱ्या एनबीएमध्ये गंभीर फाउलला ‘फ्लॅग्रंट १’ आणि ‘फ्लॅग्रंट २’ म्हणतात. तिथे खेळाडू सहा फाउलवर बाहेर जातो. भारतात आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’चे नियम चालतात.

खेळाडूंनी काय करावे?
मागे राहिल्यास जर्सी सोडा, चेंडूवर हात टाका. तेही जमत नसेल तर बास्केट होऊ द्या. दोन गुण पुढच्या चढाईत भरून काढता येतात.