यांना इंग्रजी कशाला हवं?

सबमिशनचा आठवडा. अख्खं हॉस्टेल फाईली उतरवून काढण्यात गुंतलेलं, आणि आमचे रूम पार्टनर महाशय मोबाईल नाचवत मेसच्या टेबलावर आले. "हे बघ! 'इंग्रजी शिकवा, जग फिरा. स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना, चिली. अनुभवाची गरज नाही.' नावनोंदणी फक्त चाळीस हजार!"

हसण्यावारी नेलं असतं, पण त्याला कॅम्पसमध्ये तीन कंपन्यांनी ॲप्टिट्यूडलाच घरी पाठवलं होतं. रात्री तो बाबांना फोन करून पैसे मागणार होता, आणि ते चाळीस हजार कुठून येणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याचा प्रश्न साधा होता. "भाषा एकच ना? स्पॅनिश. मग कुठेही गेलं तरी सारखंच. तू शनिवारी स्पॅनिशच्या क्लासला जातोस, तूच सांग कुठे जाऊ."

मी म्हटलं, दोन दिवस दे. दोन दिवसांत जमलं नाही, दोन महिने लागले. जे हाती लागलं ते त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी इथे मांडतोय.

भाषा एक, संसार वीस

स्पॅनिश ही वीस स्वतंत्र देशांची राजभाषा आहे. एक युरोपात (स्पेन), एक आफ्रिकेत (इक्वेटोरियल गिनी) आणि बाकीचे अठरा अमेरिका खंडात. म्हणजे "स्पॅनिश देशात जातो" म्हणणं हे "हिंदी बोलतात तिकडे जातो" म्हणण्यापेक्षाही मोघम झालं.

भाषा तरी एकच आहे का? बससाठी क्युबात 'ग्वाग्वा' हा शब्द आहे. चिलीत 'ग्वाग्वा' म्हणजे तान्हं बाळ! "ग्वाग्वा पकडायचीय" असं सांतियागोत म्हणालात तर लोक दचकतील. तिथे बसला 'मिक्रो' म्हणतात, अर्जेंटिनात 'कोलेक्तीवो' आणि मेक्सिकोत चक्क 'कामिऑन'. समोरच्याला काय म्हणायचं तेही वेगळं. स्पॅनिशमधला 'तू' हा अर्थाने आणि उच्चाराने थेट आपला 'तू' आहे. पण अर्जेंटिना-उरुग्वेत त्याच्या जागी 'वोस' येतो. 'उस्तेद' म्हणजे आपलं आदराचं 'तुम्ही', पण कोलंबियात बोगोताच्या बाजूला मित्र-मित्र आणि नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना 'उस्तेद' म्हणताना दिसतात. स्पेनमध्ये उलट, पोरं मास्तरांना नावाने हाक मारतात आणि अरे-तुरे करतात. आपल्याकडे असं केलं तर टर्मवर्क गेलंच म्हणून समजा.

असो. शब्द चार महिन्यांत अंगवळणी पडतात. खरा फरक पुढे आहे, आणि तो शोधायचा तर प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारायचा: यांना इंग्रजी कशाला हवं?

स्पेन: सर्टिफिकेटसाठी

स्पेनमध्ये सिनेमा डब करून बघायची जुनी सवय आहे. फ्रँकोच्या राजवटीत १९४१ मध्ये डबिंग सक्तीचंच केलं गेलं. त्यामुळे पिढ्यानपिढ्या इंग्रजी कानावर पडलंच नाही. मग २००८ ची मंदी आली आणि २०१३ च्या सुमारास तिथल्या तरुणांची बेकारी पन्नास टक्क्यांच्या वर गेली. बाहेरच्या देशात नोकरी शोधायची तर इंग्रजीचा दाखला हवा. शिकवणीचे वर्ग भरू लागले ते तेव्हा.

म्हणून स्पेनमधली मास्तरकी बरीचशी परीक्षेभोवती फिरते. शाळा सुटल्यावर संध्याकाळी चार-पाच ते रात्री नऊ खासगी 'आकादेमिया' चालतात. आपल्याकडच्या क्लासेसचीच बहीण म्हणा ना. दुसरा मार्ग म्हणजे सरकारी शाळांत 'संभाषण सहायक' म्हणून जाणं. आठवड्याला साधारण १२ ते १६ तास काम आणि महिन्याला सुमारे ८०० ते १,००० युरो. लहान गावात भागतं, माद्रिदमध्ये खोलीचं भाडं देता देता नाकी नऊ येतात. कोणत्या देशांच्या नागरिकांना अर्ज करता येतो याची यादी ठरलेली असते, ती आधी बघायची. बाकी नोकऱ्यांत युरोपियन युनियनच्या नागरिकाला परवाना लागत नाही, आपल्याला लागतो, आणि तो मिळणं अवघड असतं.

मेक्सिको आणि कोस्टारिका: पोटासाठी

मेक्सिकोच्या निर्यातीतला सुमारे ऐंशी टक्के माल एकट्या अमेरिकेला जातो. १९९४ च्या व्यापार करारानंतर केरेतारो, ग्वानाख्वातो, आग्वास्कालियेन्तेस या पट्ट्यात मोटारींचे कारखाने वाढत गेले. आपला चाकण-रांजणगाव पट्टा डोळ्यासमोर आणा. तिथल्या इंजिनिअरला ड्रॉइंग वाचायला आणि टेक्सासच्या गिऱ्हाईकाशी बोलायला इंग्रजी हवं असतं. म्हणून तिथे कंपन्यांमध्ये शिफ्टच्या आधी किंवा नंतर वर्ग भरतात. शिकणारे वयाने मोठे, दमलेले, पण मनापासून शिकणारे. जगायला मेक्सिको मराठी माणसाला फार परका नाही. मका, मिरची, टोमॅटो हे सगळं मूळचं तिकडचंच. तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी समजा. फक्त 'आओरिता' या शब्दापासून सावध! अर्थ 'आत्ताच', प्रत्यक्षात आपलं "आलोच". म्हणजे केव्हाही.

कोस्टारिकाची कथा आणखी गमतीची. या छोट्या देशाने १९४८ मध्ये सैन्यच बरखास्त केलं. १९९० च्या दशकात इंटेलचा चिप कारखाना आला आणि मागोमाग परदेशी कंपन्यांची ऑफिसं व कॉल सेंटर्स. तिथे इंग्रजी येणं म्हणजे थेट जास्त पगार. बारावीनंतर "स्पोकन इंग्लिश" लावणारा आपल्याकडचा मुलगा आणि सान होसेमधला मुलगा एकाच कारणासाठी शिकतात.

अर्जेंटिना: प्रतिष्ठेसाठी

रूम पार्टनरचं सगळ्यात लाडकं नाव अर्जेंटिना. कारण? मेस्सी. पण इंग्रजीच्या मास्तराला या देशात जागा शोधावी लागते. एकोणिसाव्या शतकात इथली रेल्वे मोठ्या प्रमाणात ब्रिटिश भांडवलावर उभी राहिली, ब्रिटिश वस्ती आणि शाळा आल्या. इंग्रजीचे शिक्षक घडवणाऱ्या, शंभर वर्षांहून जुन्या संस्था तिथे आहेत. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनशी युद्ध झालं, तरी वर्ग काही बंद पडले नाहीत. म्हणजे त्यांच्याकडे स्वतःचे उत्तम शिक्षक आहेत. बाहेरून आलेल्या हौशी माणसाला "तुझी डिग्री काय?" हा प्रश्न ठरलेला.

वर पैशाचं गणित. १९९१ ते २००१ तिथे एक पेसो म्हणजे एक डॉलर होता. २००२ च्या सुरुवातीला ते मोडलं. २०२३ मध्ये वर्षाची महागाई दोनशे टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे जानेवारीत ठरलेला पगार डिसेंबरात एक तृतीयांश किमतीचा! याउलट इक्वेडोरने २०००मध्ये आपलं चलनच सोडून डॉलर घेतला. पगार कमी, पण आज आहे तो उद्याही तेवढाच. पगाराचा आकडा बघण्याआधी तो कोणत्या चलनात आहे ते बघा, हा धडा कुठल्याही पुस्तकात सापडो न सापडो.

चिली, कोलंबिया, उरुग्वे: सरकारने ठरवलं म्हणून

चिलीत सरकारने 'इंग्रजी दारं उघडते' अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम २००० च्या दशकात सुरू केला. परदेशी स्वयंसेवक सरकारी शाळांत जातात आणि एखाद्या स्थानिक कुटुंबात राहतात. कमाई जवळजवळ नाही, पण स्पॅनिश अशी शिकायला मिळते की क्लासची फी वाचली. कोलंबियाने २००४ मध्ये राष्ट्रीय द्विभाषिक कार्यक्रम आखला. मोठ्या शहरातल्या खासगी शाळा पुढे गेल्या, खेड्यातल्या सरकारी शाळा मागे राहिल्या. ही ओळ वाचून आपलीच गोष्ट वाटली ना? बाकी तिथे आपल्या पुण्याच्या बजाजची पल्सर रस्तोरस्ती दिसते, तेवढाच दिलासा. आणि बोगोता २,६०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या शिखरापेक्षाही जवळपास हजार मीटर उंच. पहिला आठवडा जिना चढतानाही धाप लागते.

आपल्या ब्रँचच्या मंडळींना उरुग्वे आवडेल. २००७ मध्ये या देशाने 'प्लान सेइबाल' सुरू केला आणि दोन-अडीच वर्षांत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप दिला. मग अडचण आली, की इंग्रजी शिकवायला माणसंच नाहीत. २०१२ पासून त्यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने वर्ग घ्यायला सुरुवात केली. आठवड्यात तीन तास. एका तासाला पडद्यावर दूरची इंग्रजी शिक्षिका, कधी अर्जेंटिनातून तर कधी थेट फिलिपिन्समधून. उरलेल्या दोन तासांना वर्गातल्या नेहमीच्या बाई, ज्या स्वतः मुलांबरोबर इंग्रजी शिकत असतात! बाईंना सगळं येत नाही हे मुलांना माहीत असतं, आणि तरीही वर्ग चालतो. मला ही व्यवस्था सगळ्यात जास्त पटली. याच उरुग्वेत, मोन्तेविदेओला, आपल्या मुंबईच्या टीसीएसने २००२ मध्ये सेंटर उघडलं.

वर्गात काय घडतं?

देश कुठलाही असो, विद्यार्थ्यांच्या चुका मात्र बहुतेक सारख्या. स्पॅनिशमध्ये शब्द 'स'च्या जोडाक्षराने सुरू होत नाही, म्हणून 'स्कूल'चं 'एस्कूल' होतं. (आपल्या आजोबांचं 'इस्कूल' आठवा.) 'ब' आणि 'व्ह' एकच. वय विचारलं तर "आय हॅव ट्वेंटी इयर्स", कारण त्यांच्याकडे वय 'असतं'. "इज रेनिंग" म्हणतात, कारण स्पॅनिशमध्ये कर्ता गाळला तरी चालतो. 'ॲक्च्युअली'चा जुळा भाऊ 'आक्तुआल्मेन्ते', पण त्याचा अर्थ 'सध्या'. आणि 'एम्बारासादा' म्हणजे 'ओशाळलेली' नव्हे, 'गरोदर'!

आता गंमत बघा. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला "आय हॅव ट्वेंटी इयर्स" चूक आहे हे कळतं, पण ती का होते हे कळायला त्याला स्पॅनिश शिकावी लागते. "आय ॲम हॅविंग वन ब्रदर" म्हणून वर्गात हसू करून घेतलेल्या तुम्हा-आम्हाला निदान हे ठाऊक असतं, की अशी चूक आळसातून होत नाही, मातृभाषेतून होते.

मग गाडी अडते कुठे?

अडते ती 'नेटिव्ह स्पीकर' या दोन शब्दांवर. अनेक जाहिरातींत ही अट असते, आणि तिचा अर्थ बऱ्याचदा पासपोर्टचा रंग असा होतो. इंग्रजी माध्यमात पहिलीपासून शिकलात तरी भारतीय माणूस त्यात सहसा मोजला जात नाही. हे अन्यायाचं आहे, पण चाळीस हजार भरण्याआधी माहीत असलेलं बरं. टुरिस्ट व्हिसावर जाऊन "तिथे गेल्यावर बघू" म्हणणं म्हणजे बेकायदा काम करणं, आणि पकडले गेलात तर एजंट फोन उचलत नाही.

म्हणून कुठल्याही एजंटला चार प्रश्न विचारा. वर्क व्हिसा कोण काढून देणार? पगार कोणत्या चलनात, महिन्याचा की तासाचा? भारतीय पासपोर्ट चालतो हे लेखी देणार का? आणि शाळा कधी सुरू होते? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण चिली-अर्जेंटिनात वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, स्पेनमध्ये सप्टेंबरात. डिसेंबरात सांतियागोला उतरलात तर शाळांना कुलूप!

खरोखरच शिकवायचं असेल तर 'सेल्टा'सारखा कोर्स बघा. १२० तासांचा असतो आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवावं लागतं. "घरबसल्या दोन दिवसांत सर्टिफिकेट"वाल्यांपासून चार हात लांब राहा.

आणि एक नाव सांगून थांबतो. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक होते. मक्यावर त्यांनी मोठं काम केलं, आणि दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. त्यांना कुणी नेटिव्ह आहात का असं विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे शेतीचं ज्ञान होतं आणि ते स्पॅनिशमध्ये सांगण्याची तयारी होती. केरेतारोच्या शॉप फ्लोअरवर टॉलरन्स आणि टॉर्क म्हणजे काय हे समजणारा इंग्रजीचा मास्तर सहज मिळत नाही. आपली चार वर्षं कामी येतील तर ती तिथे.

रूम पार्टनरने एजंटला हे चार प्रश्न पाठवले. लेखी उत्तर एकाचंही आलं नाही, "ऑफर उद्या संपतेय" एवढाच मेसेज आला. बाबांना फोन त्याने केला, पण पैशासाठी नाही. आता शनिवारी तो माझ्याबरोबर स्पॅनिशच्या क्लासला येतो आणि 'ग्वाग्वा'वर माझ्यापेक्षा मोठ्याने हसतो. प्लेसमेंट अजून झालेली नाही. ऑफ कॅम्पसचे फॉर्म भरतोय.