विश्लेषण : ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंना दोन मुंबई… जागतिक वारसा ठरलेल्या इमारती सांभाळणे अवघड का?

मुंबईतील ओव्हल मैदानात उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि राजाबाई टॉवरची दगडी रांग दिसते. पश्चिमेकडे वळले, की गोलाकार बाल्कन्यांच्या, एकसारख्या उंचीच्या रहिवासी इमारती दिसतात. मधले मैदान काही मिनिटांत ओलांडता येते, पण या दोन रांगांच्या बांधणीत सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. या परिसरातील ९४ इमारतींच्या समूहाला ‘युनेस्को’ने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. दर्जा एकच असला, तरी दोन्ही बाजूंच्या इमारतींचे प्रश्न अगदी वेगळे आहेत.

राजाबाई टॉवरसमोर समुद्र होता?

हो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा कारभार आणि व्यापार फोर्टच्या तटबंदीच्या आत चालत असे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध सुरू होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तटबंदी पाडून शहर मोकळे करण्याचा निर्णय घेतला. मोकळ्या झालेल्या जागेत सरकारी इमारतींची रांग आखण्यात आली. जुने सचिवालय (१८७४), विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह (१८७४), ग्रंथालय व राजाबाई टॉवर (१८७८) आणि उच्च न्यायालय (१८७८) या साऱ्या इमारतींचे तोंड पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे होते. मैदानाच्या पलीकडे रेल्वेमार्ग आणि त्यापुढे अरबी समुद्र होता. आजची पश्चिमेकडची रांग समुद्रात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर उभी आहे.

गॉथिक शैली मुंबईची कशी झाली?

टोकदार कमानी, उंच मनोरे आणि दगडात कोरलेले प्राणी-पक्षी ही युरोपातील चर्चच्या बांधणीतून आलेली शैली. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन झाले आणि ती मुंबईत आली. विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधीच आले नाहीत. त्यांनी लंडनमधून आराखडे पाठवले.

पण बांधताना शैली इथली झाली. ऊन आणि पावसापासून बचावासाठी खोल व्हरांडे आले. कुर्ला, मालाड येथील खाणींचा दगड आणि पोरबंदरचा चुनखडीचा दगड वापरला गेला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील (सीएसएमटी) कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांतील माणसांचे पुतळे आहेत. उच्च न्यायालयाच्या खांबावर तर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड कोरलेले आहे. पैसाही बराचसा इथला होता. कापसाच्या व्यवहारात गबर झालेले प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय आणि टॉवरसाठी देणगी दिली आणि टॉवरला त्यांच्या आईचे नाव मिळाले. दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला.

घुमट आणि जाळ्या कधी आल्या?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारी वास्तूंचा तोंडवळा बदलला. भारतीय घुमट, जाळ्या आणि कमानी यांचा युरोपीय आराखड्याशी मेळ घालणारी इंडो-सारासेनिक शैली पुढे आली. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारे जनरल पोस्ट ऑफिस, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि १९२४ मध्ये खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया ही तिची ठळक उदाहरणे. पोस्टाची इमारत जॉन बेग यांची, तर इतर दोन जॉर्ज विटेट यांच्या.

आर्ट डेकोने काय बदलले?

पॅरिसमध्ये १९२५ साली भरलेल्या सजावटीच्या कलांच्या प्रदर्शनावरून या शैलीला पुढे हे नाव मिळाले. मुंबईत ती पसरली १९३० च्या दशकात. बॅकबे भरावामुळे नवी जमीन मिळाली होती आणि सिमेंट काँक्रीटचे तंत्र हाती आले होते. काँक्रीटच्या सांगाड्यामुळे जाड दगडी भिंतींची गरज उरली नाही. कोपरे गोल करता आले, बाल्कन्या बाहेर काढता आल्या, खिडक्यांवर लांबलचक छज्जे देता आले. जहाजाच्या कठड्यासारखी रेलिंग, उगवत्या सूर्याची नक्षी आणि दर्शनी भागावर खास वळणाच्या अक्षरांत इमारतीचे नाव ही या शैलीची ओळख.

हा बदल एका घरातही दिसतो. सीएसएमटी आणि महापालिका मुख्यालय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारले, तर १९३३ साली सुरू झालेल्या आर्ट डेको रीगल चित्रपटगृहाचा आराखडा त्यांचे पुत्र चार्ल्स यांचा. शिवाय आता भारतीय वास्तुरचनाकार पुढे आले. इरॉस चित्रपटगृह सोराबजी भेदवार यांचे. मरिन ड्राइव्हवरील सूना महल गजानन म्हात्रे यांची. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची. गॉथिक इमारती सत्तेच्या होत्या, आर्ट डेको प्रामुख्याने घरांची, दुकानांची आणि चित्रपटगृहांची. लिफ्ट, स्वतंत्र न्हाणीघर आणि समुद्राचा वारा हे नव्या शहरी जगण्याचे आश्वासन होते.

संरक्षण कोणत्या नियमांनी मिळते?

मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. असे करणारे हे देशातील पहिले शहर. नियमावलीनुसार इमारतींच्या तीन श्रेणी केल्या जातात. पहिल्या श्रेणीतील वास्तूत अत्यावश्यक कारणाशिवाय बदल करता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत मर्यादित बदल चालतात, तर तिसऱ्या श्रेणीत त्याहून अधिक मोकळीक असते. बदलांचे प्रस्ताव मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे जातात. नियमांमुळे पाडकामाला आणि मनमानी बदलांना चाप बसतो, पण डागडुजीचा पैसा नियमातून येत नाही.

दुरुस्ती कुठे अवघड?

दगडी इमारत पिढ्यान् पिढ्या टिकते, पण तिची दुरुस्ती जाणकारानेच करायला हवी. जुन्या दगडकामात चुन्याचा वापर असतो. त्याच्या सांध्यांत सिमेंट भरले तर ओल आत अडकते आणि दगड झिजू लागतो. काँक्रीटची अडचण वेगळी. समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, आतल्या सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फुटून खपल्या पडतात. त्यामुळे वयाने लहान असूनही आर्ट डेको इमारतींची दुरुस्ती अनेकदा तातडीची आणि खर्चिक ठरते.

दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे उदाहरण काळा घोडा परिसरातच आहे. एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडमध्ये घडवलेले ओतीव लोखंडाचे सुटे भाग मुंबईत जोडून ती १८६० च्या दशकात उभारली गेली. ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा भारतातील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी इथेच झाला. त्याच इमारतीचा काही भाग २००५ मध्ये कोसळला.

रहिवाशांचा पेच काय?

पूर्वेकडील इमारतींचे मालक म्हणजे न्यायालय, विद्यापीठ, सरकार. त्यांच्यासाठी निधी मिळवणे सोपे नसले तरी मार्ग असतो. राजाबाई टॉवरचे जतनाचे काम खासगी उद्योगाच्या मदतीने २०१५ मध्ये पूर्ण झाले. पश्चिमेकडे मात्र लोक राहतात. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे पागडीच्या इमारतींत मालकाला दुरुस्ती परवडत नाही आणि भाडेकरूला मालकी नसते. सहकारी सोसायटी असली, तरी खर्च सदस्यांच्याच खिशातून जातो.

त्यात बदल बाहेरून कोणी लादत नाही, ते घराघरातून होतात. कोणी बाल्कनी बंद करून खोली वाढवतो, कोणी लाकडी खिडकी काढून अ‍ॅल्युमिनियमची सरकती बसवतो, कोणी दर्शनी भागावर वातानुकूलन यंत्र लावतो. यातील प्रत्येक गरज खरी असते. पण रांगेचे सौंदर्य एकसारखेपणात असल्याने दहा घरांतील दहा छोटे बदल मिळून अख्खी इमारत विद्रूप होते.

पुढे काय करता येईल?

जागतिक वारशाच्या नामांकनासाठी रहिवासी आणि वास्तुरचनाकार अनेक वर्षे झटले. ही या समूहाची मोठी ताकद आहे. पण रहिवाशांवर केवळ बंधने घालून ती टिकणार नाही. जुन्या पद्धतीच्या खिडक्या बनवणारे सुतार, चुन्याचे काम जाणणारे गवंडी, दुरुस्तीसाठी सवलत किंवा अल्प व्याजाचे कर्ज आणि परवानगीची सोपी प्रक्रिया मिळाली, तर मूळ खिडकी जपणे रहिवाशाला परवडेल. नाही तर पूर्वेची रांग सरकारी निधीवर उभी राहील आणि पश्चिमेची रांग एकेका खिडकीने बदलत जाईल.